अकरा मार्गांपैकी तीन: दालियानची ट्राम का उरली

ईशान्य चीनमधल्या दालियान शहरात २०१ क्रमांकाच्या ट्रामने पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालं, की थांब्यांची नावं ऐकता ऐकताच शहराचा अर्धा इतिहास उरकतो. सुरुवात शिंगगोंग रस्त्यापासून. शिंगगोंग म्हणजे उद्योगाला बरकत. पुढे रेल्वे स्टेशन, मग सानबा चौक. सानबा म्हणजे 'तीन-आठ'. चिनी तारखेत महिना आधी येतो, तेव्हा हा झाला आठ मार्च, महिला दिन. त्याच्या पुढे अरछी चौक, म्हणजे 'दोन-सात'. ७ फेब्रुवारी १९२३ ला बीजिंग-हानखोउ रेल्वेवरच्या कामगारांचा संप लष्कराने गोळ्या झाडून मोडला, त्याची ही आठवण. मग सिअरगोउ, जिथे एके काळी गोदीतल्या हमालांची वस्ती होती. गाडी चालवायला बहुधा बाईच असते, आणि ती दिवसातून कितीतरी वेळा महिला दिनाच्या चौकातून जाते. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

नावं १९४९ नंतरच्या चीनने दिलेली, मार्ग जपान्यांनी आखलेला, आणि ज्या शहरातून तो जातो त्याची मूळ आखणी रशियनांची. या तिन्हींचं आपसात कधी पटलं नाही. तरीही ट्राम चालू आहे.

प्रकरण इथूनच सुरू होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर चीनच्या मुख्य भूमीवरच्या बऱ्याच मोठ्या शहरांत ट्राम धावत होती: त्यानजिन, शांघाय, बीजिंग, शेनयांग, हार्बिन, छांगछुन, दालियान. पोलादनगरी आनशानमध्ये तर ती १९५६ साली नव्याने सुरू झाली. मग एकेक शहर गळत गेलं. बीजिंगची शेवटची ट्राम १९६६ ला गेली, त्यानजिनची सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, शेनयांगची १९७४ ला, शांघायची १९७५ ला, हार्बिनची १९८७ ला. २००३ मध्ये आनशाननेही रूळ उखडले. मागे उरली फक्त दोन शहरं, छांगछुन आणि दालियान. (हाँगकाँगची गोष्ट वेगळी, तिथे १९०४ पासून आजतागायत चालूच आहे.) छांगछुनची ट्राम १९४१ ची, दालियानची १९०९ ची. म्हणजे मुख्य भूमीवर आज जी सगळ्यात जुनी ट्राम रस्त्यावर आहे, ती या बंदराच्या आणि कारखान्यांच्या शहरात. कधी काळी इथे अकरा मार्ग होते. त्यांतले आठ गेले, तीन राहिले. ते तीनच का, याचा हा शोध.

चार नावांचं गाव

आधी नावांचा गुंता सोडवून घेऊ, नाहीतर पुढे सगळी गल्लत होईल. १८९८ मध्ये रशियाने ल्याओतुंग द्वीपकल्पाचं टोक चीनकडून भाडेपट्ट्याने घेतलं. हिवाळ्यात न गोठणारं बंदर हवं, हा रशियाचा जुना ध्यास. नाविक तळ ल्युशुनला, म्हणजे पोर्ट आर्थरला, आणि व्यापारी बंदर त्याच्या ईशान्येला. त्या नव्या गावाचं नाव ठेवलं दालनी. रशियन भाषेत 'दूरचं'. गोल चौक आणि त्यांतून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटणारे रस्ते, अशी युरोपीय थाटाची आखणी झाली. आजचा चोंगशान चौक त्यातलाच, त्यातून दहा रस्ते फुटतात.

आखणी पुरी व्हायच्या आत १९०४ चं रशिया-जपान युद्ध लागलं. १९०५ च्या तहात भाडेपट्टा जपानकडे गेला आणि दालनीचं दाइरेन झालं. पुढे १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. चीनच्या नव्या सरकारने १९५१ मध्ये ल्युशुन आणि दालियान एकत्र करून 'ल्युदा' असं जोडनाव दिलं. ते १९८१ पर्यंत टिकलं, आणि मग पुन्हा दालियान. ट्रामच्या गोष्टीत ही नावं अधूनमधून डोकावतात, म्हणून एवढा प्रपंच.

विजेचा बाग

जपानने इथली रेल्वे १९०६ साली काढलेल्या एका कंपनीकडे दिली: दक्षिण मांचुरिया रेल्वे. मांचुरिया म्हणजे चीनचा ईशान्य भाग. नावात रेल्वे असली तरी कंपनीच्या पोतडीत काय नव्हतं! खाणी, बंदर, हॉटेलं, वीज, गॅस, शाळा, दवाखाने. पहिले अध्यक्ष गोतो शिंपेई पेशाने डॉक्टर, त्याआधी तैवानच्या जपानी प्रशासनात मुरलेले. 'नागरी वेषातली लष्करी तयारी' हा त्यांचा आवडता सिद्धांत. रस्ते, दवाखाने, वीज असं बस्तान बसवायचं, म्हणजे वेळ आली की तेच लष्कराच्या कामी येतं. ट्राम या वेषातलाच एक अंगरखा.

२५ सप्टेंबर १९०९ ला पहिली गाडी सुटली. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. एक टोक बंदराच्या धक्क्यावर आणि दुसरं नव्याने बांधलेल्या मनोरंजन उद्यानाजवळ. त्या उद्यानाचं जपानी नावच मुळी 'विजेचं उद्यान' असं होतं. मला ही जोडी फार बोलकी वाटते. वीजघर एकदा उभं केलं की ते चोवीस तास पोसावं लागतं. दिवे फक्त रात्री लागतात, मग दिवसा ती वीज कुणाला विकायची? ट्रामला. आणि सुट्टीच्या दिवशी ट्राममध्ये कोण बसणार? त्यासाठी शेवटच्या थांब्यावर जत्रा उभारायची. विजेच्या माळा, फिरते घोडे, खेळ. वीज विकणारा, ट्राम चालवणारा आणि जत्रा भरवणारा एकच. त्या काळी अमेरिकेत आणि जपानमध्ये ट्रामवाल्या कंपन्या हेच करत होत्या. फरक इतकाच, की इथे ती कंपनी जवळजवळ सरकारच होती.

रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या रेल्वेइतकीच. तपशील रुक्ष आहे, पण पुढे उपयोगी पडतो.

१९२६ मध्ये वीज आणि ट्रामचं काम रेल्वेपासून वेगळं काढून दक्षिण मांचुरिया वीज कंपनीकडे दिलं गेलं, आणि १९३६ मध्ये ट्राम नि बस मिळून दालियान नगर वाहतूक कंपनी झाली. या कंपन्यांच्या घडामोडींत रमण्यासारखं फार नाही. रमण्यासारखं आहे ते मार्गांच्या टोकांवर.

लाल घरं आणि ताऱ्यांचा किनारा

कुठल्याही ट्रामच्या नकाशात शेवटचे थांबे आधी बघावेत. मधला भाग सगळीकडे सारखाच असतो: बाजार, स्टेशन, कचेऱ्या. शहर कुणासाठी बांधलं हे टोकांना कळतं.

दालियानच्या पूर्वेच्या टोकाला सिअरगोउ. बंदर इथून जवळ. त्या काळी दालियान म्हणजे सोयाबीनचं बंदर. मांचुरियाच्या मैदानांत पिकलेलं सोयाबीन आगगाडीने इथे यायचं, तेलाच्या घाण्यांत जायचं, आणि तेल निघाल्यावर उरलेल्या पेंडीच्या ढेपा जहाजांत भरल्या जायच्या. ढेप गोल, बैलगाडीच्या छोट्या चाकासारखी, एकेकीचं वजन पंचवीस किलोंच्या वर. त्या जपानमध्ये शेतात खत म्हणून जायच्या. हे सगळं वाहायचं ते माणसांनी. शांतुंग प्रांतातून समुद्र ओलांडून आलेले हजारो चिनी मजूर. त्यांना ठेवायला एका जपानी ठेकेदार कंपनीने सिअरगोउला लाल विटांच्या लांबच लांब बराकी बांधल्या. कागदोपत्री नाव होतं 'हिरव्या डोंगरावरचा वाडा'. मजुरांच्या तोंडी आणि पुढे साऱ्या गावाच्या तोंडी ती झाली 'लाल घरं'. कागदावरचं नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे कुणाला फारसं माहीत नसेल.

या मजुरांसाठी ट्रामच्या वेगळ्या गाड्या सोडल्या जात. त्याच रुळांवर, त्याच तारेखाली, पण वेगळी गाडी, म्हणजे जपानी साहेबाला घामाचा आणि पेंडीचा वास नको. वसाहतीतल्या वाहतुकीत हे नवल नाही. तरी वेगळी गाडी सोडावी लागत होती याचा अर्थ असाही निघतो, की त्या मजुरांशिवाय बंदर चालत नव्हतं, आणि त्यांना वेळेवर पोचवल्याशिवाय कंपनीचंही चालत नव्हतं. अपमान आणि गरज एकाच रुळावर.

आता दुसरं टोक. नैर्ऋत्येला, टेकड्यांच्या खिंडीतून पलीकडे उतरलं की समुद्र लागतो. तिथे याच रेल्वे कंपनीने समुद्रस्नानाचं ठिकाण वसवलं: हॉटेल, बंगले, पुळण. नाव होशिगाउरा, 'ताऱ्यांची खाडी'. चिनी लोकांनी पुढे ते शिंगहाय केलं, 'ताऱ्यांचा समुद्र', म्हणजे अर्थ जवळपास तोच राखला. त्याच्या शेजारी हेइशिच्याओ, काळ्या खडकांचा किनारा, तिथे भरतीच्या वेळी खडकांची फक्त शेंडी दिसते. ट्राम इथवर पोचली, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी जपानी कुटुंबं टोपल्या घेऊन इथे येऊ लागली.

एका टोकाला पेंड, दुसऱ्या टोकाला पुळण. २०१ आणि २०२ हे आजचे दोन मार्ग ढोबळमानाने याच दोन टोकांकडे जातात. मजुरांची वेगळी गाडी गेली, हॉटेलातले साहेब गेले, मार्ग तसाच राहिला.

शाहखोउचा कारखाना

या दोन टोकांच्या मध्ये, शिंगगोंग रस्त्याच्या परिसरात, शाहखोउ. इथे रेल्वेचा मोठा कारखाना. त्याचं मूळ १८९९ मधलं, रशियनांनी आपल्या रेल्वेसाठी सुरू केलेलं. जपान्यांनी तो शाहखोउला हलवून मोठा केला. १९३४ मध्ये दालियान ते छांगछुन (तेव्हाचं शिनजिंग) हे सातशे किलोमीटरचं अंतर साडेआठ तासांत कापणारी 'आशिया' एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा तिची काही वाफेची इंजिनं याच कारखान्यात बांधली होती. १९४९ नंतर हाच कारखाना चीनच्या डिझेल इंजिनांचं माहेरघर झाला. १९५८ मध्ये इथे 'च्युलुंग', म्हणजे 'महानाग', नावाचं डिझेल इंजिन तयार झालं, आणि पुढे 'तुंगफंग ४' जातीची इंजिनं इथून साऱ्या देशात गेली.

मराठी वाचकाला हा कारखाना वाटतो तितका परका नाही. नागपूर मेट्रोचे डबे याच कारखान्याची वंशज असलेल्या दालियानच्या कंपनीने बांधले. ६९ डब्यांचं कंत्राट होतं, आणि २०१९ मध्ये ते वर्धा रस्त्यावरच्या उंच मार्गावरून धावायला लागले. खापरी ते सीताबर्डी जाणारा माणूस ज्या डब्यात बसतो, त्याच्या घराण्याची मुळं ट्रामच्या या रुळांशेजारी रुजलेली आहेत.

प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की ज्या गावात इंजिन बांधणारे हात आहेत, तिथे ट्रामचं चाक झिजलं म्हणून ट्राम बंद पडत नाही. घडाई, ओतकाम, मोटर गुंडाळणं, गाडीचा सांगाडा सरळ करणं, हे सगळं जाणणारी माणसं पाळीवर ये-जा करत त्याच ट्राममधून फिरत होती. शिवाय ट्रामच्या खात्याचा स्वतःचा दुरुस्ती कारखाना होता, आणि पुढे त्याने पूर्ण गाड्याही बांधल्या. रुळांची रुंदी मोठ्या रेल्वेइतकीच असणं इथे कामाला आलं. धुरा, चाकं, मोजमापं, हत्यारं, सगळी ओळखीची.

आठ मार्ग कसे गेले

साठ आणि सत्तरच्या दशकांत दालियानने आठ मार्ग उखडले. शहरातल्या ट्रामप्रेमींच्या हळहळीला अंत नाही, पण त्या काळात बसून बघितलं तर निर्णय वेडगळ नव्हता. जगभर हेच चाललं होतं. मुंबईनेही आपली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला आगारात नेली. शांघायने १९६३ मध्ये नानजिंग रस्त्यावरची ट्राम काढली. कारणं सगळीकडे तीच: रस्त्याच्या मधोमध रूळ, त्यांच्या दोन्ही बाजूंनी बस, ट्रक, सायकली; एक गाडी बिघडली की मागच्या साऱ्या थांबतात; चौक रुंद करायचा तर रूळ आडवे येतात. चीनमध्ये यात आणखी एक गोष्ट होती. ट्रॉलीबस देशातच बनू लागली होती. तिला वीज तीच चालते, वर एका तारेच्या जोडीला दुसरी तार लागते, पण खालचे रूळ लागत नाहीत. ट्राम काढून ट्रॉलीबस घालणं म्हणजे अर्धं घर तसंच ठेवून अर्धं बदलणं. दालियानमध्येही काही ठिकाणी हेच झालं, आणि १०१ क्रमांकाची ट्रॉलीबस आजही स्टेशनपासून सुटते.

गेले ते मार्ग मुख्यतः गजबजलेल्या जुन्या शहरातले, जिथे रूळ वळणावळणांनी जात आणि चौकांना वळसे घालत. जपानी काळातल्या पोस्टकार्डांवर दिसणारी, आजच्या चोंगशान चौकाभोवती फिरणारी ट्राम आता नाही.

मग तीन का राहिले?

ट्राम 'वारसा' म्हणून जपली, असं आज पर्यटनाच्या पत्रकांत सर्रास लिहिलेलं दिसतं. मला ते पटत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत जपानी वसाहतवाद्यांनी घातलेल्या रुळांना वारसा म्हणायची कुणाची छाती होती? ते तीन मार्ग उरले याचं कारण सरळ आहे: त्यांच्या जागी दुसरं काही परवडत नव्हतं.

पहिली गोष्ट जमिनीची. दालियान डोंगराळ आहे. चीनमधल्या मोठ्या शहरांचं सत्तर-ऐंशीच्या दशकातलं चित्र म्हणजे सायकलींचा महापूर. दालियान त्याला अपवाद. इथे सायकल कमी, इतकी कमी की बाहेरगावच्या चिन्याला ते चटकन डोळ्यांत भरतं. चढ चढून, समुद्री वारं तोंडावर घेत, हिवाळ्यात बर्फ तुडवत कारखान्यात कोण जाणार? शेनयांग याच्या अगदी उलट. सपाट मैदान, सरळ रुंद रस्ते. तिथल्या तिएशी भागातल्या कारखान्यांना पाळी बदलली की सायकलींची नदी वाहायची. तिथे ट्राम काढली तर कामगार सायकलवर बसला, फार तर ट्रॉलीबसमध्ये. दालियानमध्ये ट्राम काढली असती तर तो थांब्यावर उभाच राहिला असता. दोन्ही शहरं एकाच प्रांतातली, दोन्ही अवजड उद्योगांची, दोन्हींची ट्राम कधी ना कधी जपान्यांच्या हाताखालून गेलेली, आणि तरी एकीकडे १९७४ मध्ये सगळं संपलं. फरक भूगोलाचा आहे, असं माझं मत.

दुसरी गोष्ट शहराच्या आकाराची. उत्तरेला खाडी, दक्षिणेला डोंगर, मध्ये पूर्व-पश्चिम चिंचोळी पट्टी. बंदर, स्टेशन, बाजार, कारखाने, कामगारांच्या चाळी सगळं त्या पट्टीत ओळीने मांडलेलं. जाळं नाही, दोरा आहे. आणि दोऱ्यासाठी ट्रामइतकं चोख वाहन नाही. बसचा फायदा असा की ती कुठूनही वळते. पण जिथे वळायला गल्लीच नाही तिथे त्या फायद्याचं काय करायचं? जे तीन मार्ग राहिले, ते या दोऱ्याचेच तुकडे. एक शिंगगोंग ते स्टेशन, दुसरा स्टेशन ते सिअरगोउ, आणि तिसरा शिंगगोंगहून खिंडीतून हेइशिच्याओच्या समुद्राकडे. पुढे त्यांना २०१, २०३ आणि २०२ हे क्रमांक मिळाले.

तिसरी गोष्ट पाळीची. बंदर आणि कारखाने तीन पाळ्यांत चालतात. भोंगा झाला की एकदम हजारो माणसं बाहेर पडतात आणि तितकीच आत जायला दाराशी उभी असतात. त्या अर्ध्या तासात जो जास्त माणसं ओढेल तो जिंकला. ट्राम वीज खाते, आणि वीज मांचुरियाच्या कोळशावर निघते. साठच्या दशकात चीनमध्ये पेट्रोलची टंचाई इतकी होती की काही शहरांत बसच्या टपावर कोळशाच्या गॅसची भलीमोठी पिशवी बांधून बस चालवत. डोलणारी, चढावर फुसफुसणारी. दालियानच्या चढावर ती किती चालली असती, कल्पनाच करवत नाही.

चढाचा विषय निघालाच आहे तर ट्रामची एक खोड सांगायला हवी. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घरंगळतं, म्हणून ओढायला ताकद कमी लागते. पण म्हणूनच ओल्या रुळावर ते घसरतंही. त्यासाठी जुन्या ट्रामच्या बाकाखाली वाळूची पेटी असते. चालकाने पायाखालची कळ दाबली की नळीतून चाकापुढे रुळावर वाळूची धार पडते आणि चाक पकड घेतं. डाव्या हातात कंट्रोलरचा दांडा, तो एकेक खाच पुढे सरकवायचा. घाई केली तर मोटरला धक्का बसतो आणि उभी माणसं एकमेकांवर पडतात. उजव्या हाताला हवेचा ब्रेक. आणि पाय वाळूच्या कळीवर. पावसाळी सकाळी, गच्च भरलेल्या गाडीत, चढावर थांबून पुन्हा सुटायचं, यात चालकाचं कसब लागतं. ते एका पिढीने दुसरीला हाताला धरून शिकवायचं असतं. मार्ग एकदा बंद पडला की रुळांआधी हे कसब गंजतं. दालियानमध्ये साखळी तुटली नाही, आणि ती मुख्यतः बायकांच्या हाती राहिली.

कारखाने गेल्यावर

इथवरची सारी कारणं कारखान्यांशी बांधलेली. मग नव्वदच्या दशकात कारखानेच शहराबाहेर गेले, तेव्हा काय झालं? १९९३ ते २००० या काळात बो शिलाय दालियानचे महापौर होते. त्यांच्या काळात मध्यवस्तीतले धुराडेवाले कारखाने उचलून बाहेर नेले, त्या जागा विकल्या, हिरवळी लावल्या, चौक सजवले. उद्योगाला बरकत देणाऱ्या शिंगगोंगच्या आसपास मॉल आणि उंच इमारती आल्या. पाळीचा भोंगा गेला, तसा ट्रामचा मूळ प्रवासीही गेला. १९७४ मध्ये हे झालं असतं तर ट्रामही गेलीच असती.

पण तोवर जगाची हवा पालटली होती. युरोपात ट्राम परत येत होती, आणि 'आधुनिक शहरा'ची हौस असलेल्या महापौराला रूळ अडगळ न वाटता मिरवण्याची वस्तू वाटू लागले. २००० च्या सुमारास शहराच्याच ट्राम कारखान्याने 'डीएल-६डब्ल्यू' नावाची नवी गाडी काढली. लांब, मधे सांधा असलेली, आणि बराचसा भाग इतका खाली की फलाटावरून म्हातारी माणसं पायरी न चढता आत जातील. परदेशातून आणलेली नाही, शाहखोउच्या परंपरेतली, गावातली. २०२ चा मार्ग समुद्राच्या कडेने आणखी पुढे, श्याओपिंगताओपर्यंत वाढवला. २०३ पुढे २०१ मध्येच विलीन झाला, म्हणून आज क्रमांक दोनच दिसतात. दोन्ही मिळून साधारण तेवीस किलोमीटर.

आणि जुन्या गाड्या? ३००० या मालिकेच्या, १९३० च्या दशकातल्या जपानी ट्राम, डागडुजी करून, लाकडी जमीन आणि लाकडी बाकं नीट घासूनपुसून, २०१ वर पुन्हा काढल्या. एका डब्याच्या, आखूड. पर्यटक त्यांची वाट बघत थांबतात, नेहमीचे लोक मागून येणाऱ्या लांब गाडीत आरामात जागा मिळवतात. वारसा म्हणून ट्राम राखली नाही असं वर म्हटलं, ते इथे थोडं दुरुस्त करतो: राखली गरजेपोटी, वारसा म्हणून विकली नंतर. पत्रकात दुसरा भाग आधी छापतात, एवढंच.

शेनयांगची गोष्ट अर्धी सोडून चालणार नाही. रूळ उखडल्यावर एकोणचाळीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २०१३ ला, राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या तोंडावर, त्या शहराने दक्षिणेच्या हुन्नान भागात ट्रामचं नवं जाळं सुरू केलं. पहिल्याच टप्प्यात जवळजवळ साठ किलोमीटर, एक फाटा थेट विमानतळापर्यंत. काही चौकांत वरची तारही नाही, गाडी साठवलेल्या विजेवर पलीकडे जाते. लांबीने बघितलं तर शेनयांगने दालियानला केव्हाच मागे टाकलं. पण ती ट्राम मोकळ्या नव्या वसाहतीत, रुंद रस्त्यांवर, आधी रूळ आणि मग माणसं अशा क्रमाने आली. दालियानमध्ये माणसं आधीपासून होती. एकीकडे ट्राम शहर वाढवायला घातली, दुसरीकडे शहर ट्रामला टेकून वाढलं. या दोन्हींना एकाच तक्त्यात बसवून तुलना करणारे अहवाल मला नेहमीच आंधळे वाटतात.

२०१५ मध्ये दालियानची भुयारी मेट्रो सुरू झाली. तिच्या १ क्रमांकाच्या मार्गाचं एक स्थानक नेमकं शिंगगोंग रस्त्याला आहे. आता खाली मेट्रो, वर ट्राम. वेगाने म्हणाल तर मेट्रोला तोड नाही. पण चौथ्या थांब्यावर भाजी घ्यायला उतरणाऱ्या आजीबाईला भुयारात उतरून, तपासणीच्या यंत्रात पिशवी घालून, पुन्हा वर यायची हौस नसते. ती रस्त्यावरच उभी राहते. घंटा वाजते, दार उघडतं, ती आत येते, आणि बाकाच्या कडेला पिशवी टेकवून चालकबाईशी हवापाण्याच्या गप्पा सुरू करते. पुढचा थांबा सानबा चौक.